व्हिडिओ कुठे थांबवायचा?

(तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. प्रत्येकाच्या खुर्चीवर पुठ्ठ्याला चिकटवलेलं एक कार्ड ठेवलंय, काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं. उलटून-पालटून बघा, पण पिशवीत टाकू नका. शेवटी ते लागणार आहे.

'वर्गात तंत्रज्ञानाचा वापर' या विषयावर आपण सगळ्यांनीच पुष्कळ प्रशिक्षणं केली आहेत. त्यामुळे अॅपची यादी मी वाचणार नाही. माझ्या वर्गात काय फसलं आणि काय जमलं ते सांगते.

जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या शिक्षण-गुणवत्ता कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर गावोगावी शाळा डिजिटल करायची लाट आली. आमच्या गावानंही लोकवर्गणी काढली. कुणी पाचशे दिले, कुणी उसाचं बिल आल्यावर दोन हजार दिले, माजी विद्यार्थ्यांनी उरलेली भर घातली. टीव्ही आला, नारळ फुटला, फोटो निघाले. त्या वर्षी सहावीचा प्रकाश आणि छाया हा भाग मी पूर्ण टीव्हीवर घेतला. सुंदर व्हिडिओ होता. मेणबत्ती, भिंत, मधे बाहुली, तिची सावली लहानमोठी होते आहे, मागे गोड आवाज. वर्ग इतका शांत की मला वाटलं, यापेक्षा चांगला तास माझ्या हातून कधी झालाच नाही.

घटक चाचणीत प्रश्न टाकला: वस्तू दिव्याच्या जवळ नेली तर सावलीचं काय होईल? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, लहान होईल. एकाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "बाई, वस्तू भिंतीपासून लांब गेली की नाही? मग लहानच दिसणार." त्याच्या डोक्यातला तर्क पक्का होता. लांबची गाडी लहान दिसते, लांबचा माणूस लहान दिसतो, तशी सावलीही. व्हिडिओत सावली मोठी होताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तो तर्क जागेवरून हलला नव्हता. कारण पाहण्याआधी त्याला कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय वाटतं. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना सतरंज्या लावल्या, माझ्या मोबाईलची बॅटरी पेटवली आणि एका मुलाच्या हातात खडूची पेटी दिली. पेटी हलवायच्या आधी सगळ्यांना वहीत एक शब्द लिहायला लावला: मोठी, लहान, तेवढीच. मग पेटी हळूहळू बॅटरीकडे आणली. सावली फुगत फुगत छतापर्यंत गेली, तेव्हा वर्गात जो ओरडा झाला तो टीव्हीसमोर झाला नव्हता. लोडशेडिंगमध्ये कंदिलापुढे हातानं हरीण आणि ससा करणारी हीच मुलं. "बाई, म्हणून आमचा ससा मोठा व्हायचा!" असं एकीला आपसूक आठवलं. त्यानंतर तोच व्हिडिओ परत लावला. पण या वेळी बाहुली हलायला लागली की थांबवला, विचारलं, लिहून घेतलं आणि मग पुढे सोडला. सहा मिनिटांच्या व्हिडिओला पूर्ण तास लागला.

तेव्हापासून माझं पाठाचं टाचण बदललं. कोणता व्हिडिओ लावायचा हे मी एका ओळीत लिहिते. तो कुठे थांबवायचा आणि तिथे काय विचारायचं, याला अर्धं पान जातं. त्यासाठी व्हिडिओ आधी घरी दोनदा बघावा लागतो. हे काम दुसरं कुणी करून देणार नाही.

आता जरा बाहेरचं बघू. पेरू देशात सरकारनं लाखो मुलांना छोटे लॅपटॉप वाटले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' नावाची ती जगभरची मोहीम होती. तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत झाला. पेरूमधल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचा संगणकाचा वापर वाढला होता, पण गणितात आणि भाषेत लॅपटॉप मिळालेली आणि न मिळालेली मुलं सारखीच निघाली. यंत्र मुलाच्या हातात दिलं, पण त्याचं काय करायचं हे शिक्षकापर्यंत नीट पोचलंच नाही.

याच्या अगदी उलट अनुभव वडोदऱ्याचा. तिथल्या महानगरपालिकेच्या शाळांमध्ये चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं दोघं बसवून, गणिताचे खेळ खेळायला दिले. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा तो उपक्रम होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत त्याची मोजणी केली. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते दोघं. गणितात मुलं चांगली पुढे गेली. खेळ मुलाच्या पातळीचे होते आणि दोघांत एक संगणक असल्यानं एकमेकांशी बोलल्याशिवाय इलाज नव्हता. पण उपक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा विरून गेला, हेही त्यांनी नोंदवलंय. लागवड करून पाणी बंद केल्यासारखं ते झालं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो गुजरातमधल्याच आणखी एका अभ्यासानं. ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञानं एकच सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरून पाहिलं. काही ठिकाणी शाळेच्या वेळात शिक्षकाचा तास काढून त्या जागी संगणक ठेवला. काही ठिकाणी शिक्षकाचा तास तसाच ठेवून शाळेनंतर जादा वेळ संगणक दिला. पहिल्या ठिकाणची मुलं इतरांपेक्षा मागे पडली आणि दुसऱ्या ठिकाणची पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच. हे वाचलं आणि मला माझा तो शांत वर्ग आठवला. मीही माझा तास काढून त्या जागी टीव्ही ठेवला होता.

आता हातातल्या कार्डाकडे या. याला प्लिकर्स म्हणतात. ही कार्डं फुकट छापून घेता येतात. मी ती लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली आहेत, चार वर्षं झाली तरी टिकून आहेत. नमुन्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलंय. मुलानं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. प्रत्येकाचा नमुना वेगळा असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. मी समोर उभी राहून मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणी काय उत्तर दिलं ते माझ्या स्क्रीनवर येतं. मुलांच्या हातात मोबाईल नाही, शाळेत टॅब नाही, बाईंचा एक फोन पुरतो. रेंज मात्र लागते. आमच्याकडे ती दक्षिणेकडच्या खिडकीत येते, म्हणून त्या बाजूला उभं राहायचं.

मी एकदा विचारलं, ३.३५ आणि ३.५ यांत मोठी संख्या कोणती? हात वर करायला सांगितलं असतं तर पहिल्या बाकावरच्या दोन हुशार मुलांनी बरोबर सांगितलं असतं आणि मी पुढे गेले असते. कार्डांनी दाखवलं की बहुसंख्य वर्गाला ३.३५ मोठी वाटते. का वाटते? आपण वाचतो कसं बघा: तीन पॉइंट पस्तीस आणि तीन पॉइंट पाच. पस्तीस पाचापेक्षा मोठेच! ही चूक आपल्या जिभेनं मुलाच्या डोक्यात घातली आहे. 'तीन दशांश चिन्ह तीन पाच' असं वाचायचं हे आपल्याला माहीत असतं, पण घाईत कोण वाचतं?

मी उत्तर सांगितलं नाही. शेजाऱ्याला पटवा म्हटलं, दोन मिनिटं दिली. वर्गात गलका झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, शेजारणीला सांगत होती, "आमच्या पप्पांच्या डेअरीच्या पावतीवर फॅट तीन पॉइंट पाच आलं की दर बरा मिळतो. तीन पॉइंट तीन आलं की पैसे कापत्यात." मी म्हटलं, मग तीन पॉइंट पस्तीस? ती थांबली, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "ते तीन पॉइंट तीनच्या जरासं पुढं. चारपर्यंत पण पोचलं नाही, पाच कुठलं?" पुन्हा कार्डं वर करायला सांगितली तर जवळजवळ सगळा वर्ग ३.५ वर आला होता. गाईच्या दुधाला साडेतीन फॅटचा हिशेब आपल्या भागात पोराटोरांना माहीत असतो. दशांश अपूर्णांक त्या मुलीच्या घरी रोज सकाळ-संध्याकाळ येत होते, आणि मी ते टीव्हीवर शोधत होते.

आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर, ही पद्धत माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९१ पासून ती वापरायला सुरुवात केली. त्यांच्या विद्यार्थ्यांना मोठमोठी गणितं सुटत होती, पण साध्या समजुतीच्या प्रश्नावर अडत होतं. म्हणजे हा रोग तिथेही आहे.

अजून एक साधन सांगते, याला रेंजही लागत नाही. मोबाईलमधलं ध्वनिमुद्रण. तिसरीच्या मुलांचं एक मिनिटाचं वाचन मी जुलैमध्ये मुद्रित करून ठेवते आणि दिवाळीनंतर तोच उतारा पुन्हा. एक मुलगा जोडाक्षर आलं की अडखळायचा आणि मग रागानं पुस्तक मिटायचा. त्याला डिसेंबरात दोन्ही ऐकवली. जुलैचं ऐकताना म्हणाला, "हा कोण?" त्याच्या आईला बोलावलं, तिलाही ऐकवलं. ती शेतातून तशीच आली होती, हातापायाला चिखल, दारात उभी राहून फोन कानाला लावला. पोराचं वाचन तिनं तीनदा ऐकलं. प्रगतिपुस्तकावर सही करताना तिचा चेहरा असा कधी झाला नव्हता. मात्र ही मुद्रणं माझ्या फोनच्या बाहेर जात नाहीत. मुलांचे आवाज, चेहरे, चुका स्टेटसला लावायच्या नसतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

एक दुखणंही बोलून टाकते, कारण ते इथं प्रत्येकाच्या ओठावर आहे. आपल्या हातातला मोबाईल शिकवण्यासाठी किती वापरला जातो आणि लिंका भरायला, फोटो चढवायला किती? भर तासाला ग्रुपवर मेसेज येतो, 'अर्ध्या तासात माहिती द्या'. समोर चाळीस मुलं बसलेली असतात. एकदा पाठ अर्धवट टाकून मी उपक्रमाचा फोटो काढला आणि पाठवला. उपक्रम झालाच नव्हता, मुलांना फक्त साहित्य घेऊन बसवलं होतं. ती मुलं माझ्याकडे बघत होती. त्या नजरेनं मला फार अस्वस्थ केलं आणि असा फोटो पुन्हा काढायचा नाही हे त्या दिवशी ठरवलं. माझी वरिष्ठांना कळकळीची विनंती आहे, शाळेच्या वेळात माहिती मागू नका.

पालक विचारतात, घरी मोबाईल द्यावा का? 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत, २०२४ मध्ये, ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी काहीतरी केलं होतं, समाजमाध्यमं मात्र ७६ टक्क्यांनी पाहिली होती. मी पालकांना सांगते, पोराच्या शेजारी बसून दहा मिनिटं बघा आणि एक प्रश्न विचारा. आपल्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड त्यासाठीच आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेतून ही कल्पना पुढे आणली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. पुस्तक तेच, मुलाच्या दप्तरातलं, त्यालाच आवाज आणि चित्र जोडलं. नवं काही विकत घ्यावं लागलं नाही.

हे आपल्या मातीत नवीन नाही. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून रडत न बसता शंख, शिंपले, बिया, दगड यांतून ती उभी केली. मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली. करोनात, २०२० मध्ये, आपण वेगळं काय केलं? सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शालेय मुलांची मालिका लागायची, सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. ज्या घरातला एकुलता एक फोन सकाळी बापाबरोबर कामावर जायचा, त्या घरातल्या मुलाला ती भिंतच उपयोगी पडली. आजही वर्गात काही ठरवताना मी त्या मुलाचा विचार आधी करते.

वेळ झाली. आता कार्डं हातात घ्या. प्रश्न सावलीचाच आहे, फक्त मोठ्या वस्तूंचा. चंद्राच्या कला कशामुळे दिसतात? ए: चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून. बी: चंद्राचा प्रकाश कमीजास्त होतो म्हणून. सी: चंद्राचा उजळलेला अर्धा भाग आपल्याला वेगवेगळ्या बाजूंनी दिसतो म्हणून. डी: नक्की माहीत नाही. डी निवडायला संकोच करू नका, माझ्या वर्गात डी निवडणाऱ्याला कुणी हसत नाही.

शेजाऱ्याचं बघू नका. वर धरा.

...हं. ए बरेच आहेत. उत्तर आत्ता सांगत नाही. शेजारच्या गुरुजींना, बाईंना पटवून द्या, दोन मिनिटं आहेत.