ग्वाल्हेरच्या हवेत गादी निवडताना

[दृश्य: ग्वाल्हेरचा लष्कर भाग, सकाळ. दुकानदार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या करतोय.]

गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी काय करतं? तळहाताने दाबून बघतं. हात आत गेला नाही की समाधानाने म्हणतं, "ही कडक आहे, हीच घेऊ." पाठ दुखते म्हटलं की घरातले जाणतेही हेच सांगतात: कडक गादी घे, नाहीतर सरळ जमिनीवर सतरंजी टाक.

या समजुतीची स्पेनमध्ये रीतसर तपासणी झाली. कंबरदुखी जुनी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. 90 दिवसांनी बघितलं, तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता. 2003 साली 'द लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

कुशीवर झोपलं की खांदा आणि नितंब थोडे रुतायला हवेत. रुतले नाहीत तर मधली कंबर अधांतरी राहते. फार रुतले तर कणा झोळीसारखा वाकतो. किती रुतणार हे वजनावर ठरतं, म्हणून 50 किलोच्या बाईंना दगड वाटणारी गादी 90 किलोच्या गृहस्थांना अगदी बेताची वाटते. गादीवर छापलेला 'ऑर्थो' हा शब्द इथे काही कामाचा नाही. तो प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते.

[दृश्य: दुकानात चपला काढून आडवा झालेला माणूस. त्याच्या कंबरेखाली सरकणारा हात, जवळून.]

तेव्हा दुकानात झोपून बघायचं, निदान 10 मिनिटं. लाजायचं कारण नाही. उताणं झोपून कंबरेखालच्या पोकळीत पंजा घाला. सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरतच नसेल तर मऊ, आणि थोडा जोर लावून सरकला तर बरोबर. मग कुशीवर वळा. सोबत आलेल्याने मागून बघावं, मानेपासून माकडहाडापर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे. उशी घरी असते तेवढ्याच जाडीची घ्या, नाहीतर मानेचा अंदाज चुकतो. गादी दोघांची असेल तर दोघांनी एकदम झोपावं. हलका माणूस जड माणसाकडे घरंगळत असेल, तर कडा आणि मधला भाग कमजोर आहे.

[दृश्य: खोळीची चेन उघडते. आतले थर दिसतात.]

आता खोळीची चेन उघडायला सांगा. वरचा थर फोमचा. मधे रंगीबेरंगी तुकडे चिकटवलेला थर असेल, तर तो रिबॉन्डेड फोम. तो टणक असतो आणि वजन पेलतो, खाली असलेलाच बरा. पण मधे पांढरा, हलका, चुरचुर वाजणारा थर दिसला, तर ते ईपीई, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतं तेच. गादी स्वस्तात कडक करायला ते घालतात. काही महिने ताठ राहतं, मग झोपायच्या जागी कायमचं चेपतं.

फोमचा टिकाऊपणा ठरतो घनतेवर, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो यावर, आणि ती घरच्या वजनकाट्यावरही पडताळता येते. नुसत्या फोमची 72 बाय 36 इंचांची, 5 इंच जाड गादी घ्या. घनता 40 असेल तर फोम साधारण साडेआठ किलो भरतो, 32 असेल तर पावणेसात. खोळीचं वजन अर्थातच वजा करायचं. शिक्का 40 चा आणि काटा 7 वर, तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही. रोजच्या वापराला 32 पेक्षा कमी घनता घेऊच नये. घनता म्हणजे कडकपणा मात्र नव्हे. 50 घनतेचा फोमही मऊ असू शकतो.

[दृश्य: मे महिन्यातली गच्ची, भर दुपार. खाली खिडकीला लावलेला कूलर.]

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीच्या रात्री हाडं गोठवतात. मेमरी फोमला, म्हणजे अंगाचा आकार घेणाऱ्या फोमला, हे मानवत नाही. थंडीत तो फळीसारखा लागतो आणि अंगाच्या उबेने हळूहळू नरम होतो, तर उन्हाळ्यात जास्तच रुततो आणि अंगाला चिकटून घाम काढतो. म्हणून जानेवारीत दुकानात कडक वाटला म्हणून पसंत केलेला मेमरी फोम मे महिन्यात वेगळीच गादी होऊन बसतो. घ्यायचाच असेल तर वरचा इंचभर थर पुरे.

काथ्याच्या गादीतून हवा खेळते, उन्हाळ्यात बरं वाटतं. काथ्याच्या धाग्यांवर लॅटेक्सचा फवारा मारून ते थर दाबलेले असतात. कालांतराने ते लॅटेक्स सुकून तुटतं. नितंबाखाली खड्डा आणि पलंगाखाली तपकिरी भुकटी दिसू लागली की तिचं आयुष्य संपत आलं. स्प्रिंगमध्ये दोघांसाठी पॉकेट स्प्रिंग बरी, प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असल्याने एकाच्या कुशीने दुसऱ्याची झोप मोडत नाही.

कापसाची गादी अजून बाद झालेली नाही. मात्र तिला ऊन आणि पिंजण दोन्ही लागतं. जुना कापूस पिंजताना तोकडे धागे गळतात, म्हणून थोडा नवा घालून घ्यावा, नाहीतर गादी पातळ होते. फोमचं नेमकं उलट: उन्हात टाकला की पिवळा पडून भुरभुरतो. त्याला सावलीतली हवा पुरे. जुलैत कूलरची दमट हवा थेट गादीवर येत असेल तर काथ्या आणि कापूस दोन्हींना वास धरतो. नव्या गादीवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवून झोपणाऱ्यांच्या गादीला तर खालून बुरशी येते. पेटीच्या पलंगाला तळाच्या प्लायमध्ये भोकं पाडून घ्या.

मापात गफलत नेहमीची. सुताराने केलेला पलंग दुकानातल्या मापाचा असेलच असं नाही, म्हणून चौकटीच्या आतून तीन ठिकाणी टेप लावा. लांबी आपल्या उंचीपेक्षा 6 इंच जास्त हवी. 5 फूट 10 इंच उंचीच्या माणसाला 72 इंची गादी अपुरी पडते, त्याने 78 ची घ्यावी.

[दृश्य: गादीवर ताणून धरलेली दोरी, खाली उभी पट्टी.]

बिलावर प्रत्येक थराची जाडी आणि घनता लिहून घ्या. वॉरंटीत किती खोल खड्डा धरतात तेही वाचा, बहुतेक कंपन्या इंचभर धरतात. मोजायला गादीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत दोरी ताणायची आणि सर्वांत खोल जागी पट्टी उभी करायची. गादीवर कुणी बसलेलं नको, कारण दाबून मोजलेला खड्डा कंपनी धरत नाही, आणि डाग पडलेली गादी बरेचदा बघतही नाही.