वास्को: बारा खेळाडू आणि एक पत्र

(दृश्य: रिओ दी जानेरो. साओ जानुआरिओ स्टेडियमचा दर्शनी भाग. मॅचचा दिवस, काळे-पांढरे शर्ट घातलेली गर्दी.)

वास्को म्हटलं की आपल्याला आठवतं गोव्यातलं रेल्वे स्टेशन, शेजारचं मुरगाव बंदर. आज ज्या वास्कोची गोष्ट सांगायची आहे, तो मात्र ब्राझीलमधला एक फुटबॉल क्लब आहे. दोघांना नाव मिळालं ते एकाच माणसावरून.

१८९८ साली वास्को द गामाच्या भारतप्रवासाला चारशे वर्षं झाली. आपल्या किनाऱ्यावर या नावाच्या आठवणी फारशा गोड नाहीत. हज यात्रेकरूंचं जहाज जाळणारा, कालिकतवर तोफा डागणारा तो हाच. पण रिओमध्ये पोट भरायला आलेल्या पोर्तुगीज पोरांना तो आपला वाटायचा. परक्या मुलुखात छाती पुढे काढून सांगण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? रिओमधला पोर्तुगीज म्हणजे बहुतेक वाण्याच्या दुकानात नाहीतर खानावळीत राबणारा माणूस. शहरात त्याची टिंगलच जास्त व्हायची.

त्यातल्या चार तरुणांना होड्या वल्हवायचा नाद होता. त्यासाठी ते खाडी ओलांडून पलीकडे नितेरॉयला जायचे. ही येरझार नको झाली, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपलाच क्लब काढायचा. २१ ऑगस्ट १८९८ ला बंदराजवळच्या साउदे रस्त्यावर, एका हौशी नाटक मंडळाच्या जागेत ६२ माणसं जमली आणि क्लबची स्थापना झाली. नाव ठेवलं क्लुब दे रेगातास वास्को द गामा. रेगाता म्हणजे होड्यांची शर्यत. फुटबॉलचा त्यात संबंधच नव्हता. त्या काळच्या रिओत खेळ म्हणजे होड्यांच्या शर्यती, आणि त्या बघायला किनाऱ्यावर सगळं शहर लोटायचं.

(दृश्य: ग्वानाबारा खाडी, पहाटेची वेळ, वल्ही मारणारा संघ.)

पुढे जे घडलं, त्याची एक खूण १९०४ मध्येच दिसते. त्या वर्षी क्लबनं अध्यक्ष म्हणून कांदिदो जोझे दि आराउजो यांना निवडून दिलं. ते मिश्रवंशीय होते. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्यानं संपली १८८८ मध्ये, म्हणजे जेमतेम सोळा वर्षांपूर्वी. अशा देशातल्या एका क्लबच्या खुर्चीवर गोरा नसलेला माणूस बसला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०५ मध्ये वास्कोनं रिओची नौकानयन स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

फुटबॉल आला तो बऱ्याच उशिरा. नोव्हेंबर १९१५ मध्ये वास्कोनं लुझितानिया नावाचा एक लहानसा क्लब आपल्यात सामील करून घेतला. लुझितानियाकडे फुटबॉलचा संघ होता, पण दार फक्त पोर्तुगिजांना उघडं होतं. वास्कोत आल्यावर ही अट गेली. ३ मे १९१६ ला वास्कोनं पहिली अधिकृत मॅच खेळली, तीही तिसऱ्या श्रेणीत. पालादिनो या संघानं त्यांना १०-१ असं धुतलं. तो एक गोल करणाऱ्या आदाँव ब्रांदाँवचं नाव वास्कोवाले आजही अभिमानानं घेतात.

इथे जरा थांबून शहराकडे बघू. रिओचा फुटबॉल तेव्हा श्रीमंतांचा होता. फ्लुमिनेन्स, बोताफोगो, फ्लामेंगो या क्लबांत खेळायचे ते डॉक्टरकी नाहीतर वकिली शिकणारे, बड्या घरांतले मुलगे. खेळायचं ते हौसेखातर, पैसे घेणं म्हणजे कमीपणा. १९०७ मध्ये तर तिथल्या लीगनं नियमच काढला होता की काळ्या वर्णाच्या माणसाची खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही. त्याआधी दोनच वर्षं, बांगू या कापड गिरणीच्या क्लबातून फ्रान्सिस्को कारेगाल हा कृष्णवर्णीय गिरणी कामगार खेळला होता. तेव्हा काळ्या खेळाडूला पहिली संधी वास्कोनं दिली असं जे सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. वास्कोनं केलं ते वेगळंच. असा संघ घेऊन त्यांनी स्पर्धा जिंकली, आणि श्रीमंतांना खुपलं ते हे जिंकणं.

वास्कोचे दुकानदार काही समाजसुधारक नव्हते, हेही सांगून टाकलं पाहिजे. त्यांना जिंकायचं होतं. चांगला खेळाडू उपनगरातल्या मैदानावर मिळाला की तिथून उचलायचा. तो काळा आहे की गोरा, शिकलेला आहे की अंगठेबहाद्दर, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पक्का व्यापारी हिशोब.

(दृश्य: १९२३ च्या संघाचं छायाचित्र. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर सावकाश फिरतो.)

हे चेहरे नीट पाहा. गोलरक्षक नेल्सन दा कोन्सेसाँव, टॅक्सी चालवायचा. सेसी, घरांना रंग देणारा रंगारी. निकोलिनो, गोदीतला हमाल. बोलाँव, ट्रक ड्रायव्हर. अंगात काळे शर्ट, छातीवर क्रॉस. आज वास्कोच्या शर्टावर जो तिरका पांढरा पट्टा दिसतो, तो तेव्हा फुटबॉलच्या शर्टावर नव्हता. लोकांनी या संघाला नाव दिलं ‘काळे शर्टवाले’.

प्रशिक्षक होते उरुग्वेचे रामोन प्लातेरो. बाकीच्या क्लबांतले साहेबजादे आठवड्यातून एखाद दिवस सराव करायचे आणि मग पार्टीला जायचे. प्लातेरोंनी आपल्या पोरांना क्लबातच ठेवलं. वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि पळणं. मोराइस इ सिल्वा रस्त्यावरच्या मैदानापासून थेट विला इझाबेल वस्तीपर्यंत आणि तिथून परत. फळ लगेच दिसलं. मध्यंतरापर्यंत वास्को मागे असायचा, उत्तरार्धात समोरचे धापा टाकायला लागायचे आणि हे मात्र पळतच असायचे.

पण दिवसभर सराव करणारा माणूस कमावणार कधी? यावर तोडगा निघाला. क्लबचे व्यापारी सभासद खेळाडूंना आपल्या दुकानात कागदोपत्री नोकरी द्यायचे. शिवाय जिंकलं की वरखुशी. उघड पैसे द्यायला बंदी, म्हणून त्याला सांकेतिक भाषा होती आणि ती रिओच्या एका जुगारातून आलेली होती. आपल्याकडे मुंबईचा मटका, तसा तिकडे ‘जोगो दो बिशो’, प्राण्यांवर लावायचा आकडा. पंचवीस प्राणी, प्रत्येकाचा नंबर ठरलेला. कुत्र्याचा पाच, म्हणून ‘कुत्रा’ मिळाला म्हणजे पाच मिलरेईस, तेव्हाचं ब्राझीलचं चलन. ससा म्हणजे दहा, टर्की कोंबडा म्हणजे वीस. मोठ्या मॅचला गाय, तिच्या आकड्यांतला शेवटचा ००, म्हणजे शंभर. आजही ब्राझीलमध्ये खेळाडूला जिंकल्याबद्दल मिळणाऱ्या बोनसला ‘बिशो’च म्हणतात. हा जुगार निघाला तो १८९२ मध्ये, विला इझाबेलमधल्या एका बॅरनच्या प्राणिसंग्रहालयात. वास्कोचे खेळाडू रोज पळत जायचे ती हीच वस्ती.

१९२२ मध्ये खालच्या गटाचं विजेतेपद. १९२३ मध्ये पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीत प्रवेश. पहिल्याच वर्षी १४ सामन्यांत ११ विजय, २ बरोबरी आणि फक्त एक हार.

त्या एका हारेचीही मोठी गोष्ट आहे. जुलैमध्ये, लारांजेइरासच्या मैदानावर, समोर फ्लामेंगो. मैदान खचाखच भरलेलं. फ्लामेंगोच्या पाठीराख्यांनी कागदात गुंडाळून होडीची वल्ही आणली होती आणि वास्कोच्या माणसांना बदडायला ती वापरली, असं सांगतात. निकाल ३-२. वास्कोनं बरोबरीचा तिसरा गोल केलाच होता, पण पंचांनी तो दिला नाही. या गोलवर रिओतल्या एखाद्या म्हाताऱ्या वास्कोवाल्याशी बोलायला जाऊ नका, संध्याकाळ तिथेच जाईल. वर्षाच्या शेवटी करंडक मात्र वास्कोकडे आला. नेल्सन त्याच वर्षी ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातही गेला.

मैदानात काही चालेना, तेव्हा प्रतिष्ठित क्लबांनी कागदाचा आधार घेतला. खेळाडूंच्या नोकरीची चौकशी सुरू झाली. सहीचाही नियम होता. खेळाडूनं फॉर्म स्वतः भरायचा, सगळ्यांदेखत सही करायची. वास्कोनं आपल्या पोरांना लिहायला शिकवायची सोय केली. पास्कोआल या खेळाडूचं आडनाव चिनेली. ते लिहिताना त्याचा हात अडखळायचा, म्हणून त्यानं सोपं ‘सिल्वा’ हे आडनाव लावून घेतलं, अशी हकीकत आहे. टेबलापलीकडे टाय लावलेले अधिकारी, अलीकडे देशातला नावाजलेला विंगर, बोटांत टाक धरून एकेक अक्षर काढणारा.

(दृश्य: टंकलिखित पत्राचा जवळून घेतलेला शॉट.)

१९२४ मध्ये फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका आणि बांगू या पाच क्लबांनी जुनी लीग सोडून नवी संघटना काढली. हो, त्यात गिरणीवाला बांगूही होता. संघटनेचं संक्षिप्त नाव आमेआ, अध्यक्ष आर्नाल्दो गिन्ले. वास्कोला प्रवेश हवा असेल तर अट अशी की १२ खेळाडू काढून टाका. पहिल्या संघातले सात, दुसऱ्या संघातले पाच. कारण वर्णाचं दिलं नव्हतं. यांचे व्यवसाय, यांची सामाजिक स्थिती संशयास्पद आहे, एवढंच. यादीत कोण होतं, हे सांगायला नको.

७ एप्रिल १९२४ ला वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी उत्तर लिहिलं. पत्र लहान आहे आणि अत्यंत सभ्य. पाच संस्थापक क्लबांना दिलेल्या खास सवलतींबद्दल नाराजी आहे, पण जोर आहे तो त्या बारा जणांवर. यांची चौकशी झाली तिथे यांच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं, असं प्रेस्तेस म्हणतात. हे तरुण आहेत, जवळजवळ सगळे ब्राझीलचेच आहेत, यांची कारकीर्द आत्ता कुठे सुरू होते आहे. ज्या घरानं यांना आसरा दिला, ज्या झेंड्याला यांनी नाव मिळवून दिलं, त्याच घराच्या कारभाऱ्यांकडून यांना बट्टा लागेल असं काही होणार नाही. तेव्हा आम्ही आमेआत येत नाही.

इतकंच. संपूर्ण पत्रात वर्णाचा एका शब्दानं उल्लेख नाही.

आतापर्यंत नफ्याचा हिशोब होता. इथे मात्र तोटा उघड दिसत होता आणि तो पत्करला गेला. मोठ्या क्लबांशी मॅच नाहीत म्हणजे तिकिटांचा गल्ला नाही. वास्को जुन्या लीगमध्ये राहिला आणि १९२४ ची तिथली स्पर्धा एकही मॅच न हरता जिंकला. तिकडे आमेआची स्पर्धा फ्लुमिनेन्सनं जिंकली. एका वर्षात रिओला दोन विजेते. पण लोकांना काळे शर्टवाले बघायचे होते, आणि गल्ला कुणाला नको असतो? १९२५ मध्ये आमेआनं वास्कोला आत घेतलं.

उरला एक टोमणा, की यांच्याकडे धड मैदान नाही. मग वर्गणी सुरू झाली. दुकानदार, कारकून, कामगार, ज्याला जमेल तसे त्यानं पैसे दिले. जून १९२६ मध्ये पायाभरणी झाली आणि वर्षाच्या आत, २१ एप्रिल १९२७ ला साओ जानुआरिओ उभं राहिलं. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लुईस उद्घाटनाला हजर होते. दक्षिण अमेरिकेतलं तेव्हाचं सर्वात मोठं स्टेडियम. १९३० मध्ये उरुग्वेतल्या मोंतेविदेओत सेंतेनारिओ स्टेडियम झालं, तोवर हा मान इथेच होता. पहिल्या मॅचला पाहुणे म्हणून बोलावलेल्या सान्तोसनं यजमानांना ५-३ असं हरवलं, आणि तरी लोक खुशीत घरी गेले.

१९३३ मध्ये रिओत व्यावसायिक फुटबॉलची पहिली लीग सुरू झाली. खेळाडूला पगार देणं आता रीतसर झालं. ही लीग काढायला एका टेबलाशी बसलेल्या क्लबांत वास्को होता. आणि शेजारच्या खुर्चीत फ्लुमिनेन्स.