सिमला ते ग्राम्फू, मागे गाडी नाही (सायकल सफरीच्या व्हिडिओचं निवेदन)

सायकल उलटी उभी केलीय ती मुद्दाम. गाव नाको, जिल्हा किन्नौर, उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. मागच्या चाकाची एक तार तुटलीय, आणि तीही नेमकी फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळीच्या दातेरी चकत्यांच्या, बाजूची. ती बदलायची तर आधी फ्रीव्हील उतरवावं लागतं आणि त्याला वेगळा पाना लागतो. निघण्याआधी सामान कमी करताना सगळ्यांचा डोळा त्या पान्यावरच होता.

आमच्यामागे सपोर्ट गाडी नाही. वाटाड्या नाही, मुक्कामाचं बुकिंग नाही. तीन सायकली, प्रत्येकीच्या कॅरियरला दोन पॅनियर, म्हणजे बाजूला लटकवायच्या पिशव्या, आणि माझ्या हँडलला चिकटवलेला हा कागद: पाणी कुठे, चढ कुठे, गाव कुठे.

सुरुवात सिमल्याहून. स्पिती खोऱ्यातलं काझा गाठायला मनालीची वाट जवळची, पण तिकडून पहिल्या दोन-तीन दिवसांतच साडेचार हजार मीटरच्या खिंडीवर जावं लागतं. फुप्फुसांना एवढी घाई चालत नाही. किन्नौरकडून उंची हप्त्याहप्त्याने वाढते. खरं तर आधी ती कमीच होते. नारकंडा २,७०० मीटर, आणि सतलजच्या काठचं रामपूर हजाराच्या आसपास. हा उतार बघा. पॅडल मारायचं कामच नाही. उतरलेलं सगळं पुढे परत चढायचंय, हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.

तरंड्याचा कडा. खडक आडवा कोरून रस्ता आत बसवलाय. डोक्यावर दगडाचं छत, एका बाजूला दरी. समोरून ट्रक आला की आम्ही भिंतीला चिकटतो.

(निवेदन नाही. ट्रकचा आवाज.)

खाबला सतलजचा निरोप घ्यायचा आणि स्पिती नदीच्या काठाने निघायचं. इथून पाऊस डोंगराआड राहतो, झाडं जवळपास संपतात आणि रस्ता वळणं घेत नाकोला चढतो. त्याच चढावर ती तार गेली.

तर, तार. जादाच्या चार तारा फ्रेमच्या दांडीला टेपने बांधून आणल्या होत्या. फ्रीव्हील काढलं, तार शेजारच्या तारांतून ओवली, तिला रिमशी आवळणारा निपल बसवला. खरं काम पुढे असतं, आऊट काढायचं, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करायचं. चाक हळूहळू फिरवायचं आणि रिम ब्रेकच्या कोणत्या पॅडला लागतेय ते बघायचं. उजवीकडे झुकत असेल तर तिथली डावीकडची तार आवळायची, उजवीकडची सैल करायची. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. डिस्क ब्रेक न घेतल्याबद्दल आम्ही बरीच बोलणी खाल्ली होती. इथे त्याच जुन्या ब्रेकने मोजपट्टीचं काम केलं. दीड तास लागला. व्हिडिओत तो चाळीस सेकंदांचा झालाय.

ताबो. हा मातीचा मठ इ.स. ९९६ मधला. भिंतींवरची चित्रं आतल्या अंधारात आहेत आणि आत कॅमेरा चालवायला मनाई आहे. म्हणून तुम्हाला बाहेरची ही गुळगुळीत, लिंपलेली भिंतच दिसेल.

काझ्याला तिघांतला एक जण डोकेदुखी थांबेना म्हणून बसने खाली परतला. पुढे दोन सायकली.

लोसार गावानंतर कुंझुम खिंड. ४,५५१ मीटर. शेवटची वळणं आम्ही चढवली नाहीत, ढकलली. ते चित्रण ठेवलंय. इथे येणाऱ्या गाड्या देवीच्या मंदिराला वळसा घालून मगच पुढे जातात. सायकलींनीही घातला.

(निवेदन नाही. वारा आणि पताका.)

पलीकडे बातलपासून रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या काठचे गोटे. आडवे येणारे नाले बर्फाच्या पाण्याचे. सकाळी ते घोट्याएवढे असतात. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि दुपारी तेच पाणी मांडीला लागतं. म्हणून पहाटे निघायचं, बूट गळ्यात अडकवायचे, आधी पॅनियर पलीकडे न्यायचे आणि मग सायकल खांद्यावर घ्यायची. हे पाऊल बघा, दगड चाचपतंय. पाण्यात त्याला काही जाणवत नव्हतं.

ग्राम्फूला, मनालीकडच्या रस्त्याच्या फाट्यावर, डांबर लागलं. चाकाखालची खडखड एकदम थांबली आणि तेव्हा कुठे ऐकू आलं, नाकोत काढलेला आऊट थोडा राहिलाच होता. रिम पॅडला घासत होती. खस्, खस्, खस्.