शब्दांच्या अलीकडे

नमस्कार, श्रोतेहो.

माणूस कोणती गाणी ऐकतो यावरून त्याची श्रद्धा, त्याची मतं ओळखता येतात का? आमच्या घरात या प्रश्नाचा एक आरोपीच आहे. आमचा दादा. पक्का नास्तिक. देवाचा विषय निघाला की वर्तमानपत्र तोंडासमोर धरणारा.

गाण्यांची ॲप्स वर्षअखेरीला आपल्या ऐकण्याचा हिशेब दाखवतात, तो तुम्हीही पाहिला असेल. पुतणीने दादाचा फोन उचलला आणि त्याचा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. सर्वांत जास्त ऐकलेलं गाणं एक भक्तिगीत. 193 वेळा! वहिनीला हसू आवरेना. ‘अहो, निदान मला तरी सांगायचंत!’

दादा काही बोलला नाही. फोन घेतला, गाणं लावलं. आधी नुसता तानपुरा. मग सारंगी हळूच आत शिरते, एका सुरावर रेंगाळते, वर जाऊ की नको करते आणि परत फिरते. (या जागेवर बडबड करणारे निवेदक मला अजिबात सहन होत नाहीत. आमच्याच धंद्यातले आहेत, तरी सांगतो. गाणं तिथेच सुरू झालेलं असतं हो!) तर सारंगीमागून गायकाचा आकार आला. दादाने डोळे मिटले होते. आता देवाचं नाव येणार, त्याआधी गायकाने श्वास घेतला, तो रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो. तेवढ्यात दादाचा अंगठा हलला आणि गाणं मागे गेलं. पुन्हा तानपुरा.

‘बाबा, अंतरा म्हणून दाखवा,’ पुतणी म्हणाली. येईना. ध्रुवपदसुद्धा अर्धंच. वर्षभर हा गृहस्थ शब्दांच्या अलीकडूनच परत फिरत होता, आणि ॲपने त्याला भाविकांत जमा करून टाकलं होतं.

आता थोडं शास्त्राचं. 2023 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. 1,400 हून अधिक माणसांनी फेसबुकवर पसंत केलेले कलाकार आणि त्यांची नैतिक मूल्यं ताडून पाहिली होती. दुसऱ्याची काळजी आणि न्याय, या मूल्यांचा अंदाज सुरांची उंची आणि आवाजाची जात यांवरून जास्त चांगला लागला. निष्ठा, अधिकार, पावित्र्य यांचा मात्र शब्दांतल्या भावनेवरून. पुन्हा सांगतो: काळजी आणि न्याय सुरांतून, निष्ठा, अधिकार आणि पावित्र्य शब्दांतून. अर्थात हे पुष्कळ माणसांच्या गोळाबेरजेतून निघालेले अंदाज. त्यावरून शेजाऱ्याला जोखायला जाऊ नका.

म्हणजे नुसती गाण्यांची यादी बघून भागत नाही. कान कुठे लागलाय ते बघावं लागतं. शब्दांवर की सुरांवर? दादासारख्यांचा सुरांवर, वहिनीचा शब्दांवर. तिला प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवंही पाठ असतं, सूर मात्र विचारू नका.

परवा पुतणीने बापाची सोय म्हणून नुसत्या सारंगीची ध्वनिफीत शोधून दिली. गायक नाही, शब्द नाहीत, देव नाही. दादाने शेवटपर्यंत ऐकली.

‘छान आहे,’ म्हणाला. ‘पण यात तो श्वास नाही गं.’

नमस्कार.