585 चा हिरवा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र तुम्ही मीडियम वेव्हवर ऐकत असाल, तर तुमच्या रेडिओचा काटा आत्ता 585 किलोहर्ट्झवर आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर सेकंदाला 5 लाख 85 हजार कंपनं करते आहे आणि एकेका लहरीची लांबी आहे साधारण 512 मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त. आता हा 585 चा आकडा शंभर कोटींनी गुणा. किलोहर्ट्झचे टेराहर्ट्झ होतात आणि 512 मीटरची लहर आखडून 512 नॅनोमीटरची होते. ती रेडिओला पकडता येत नाही, पण तुमच्या डोळ्यांना दिसते. स्वच्छ हिरवा रंग! दोन्ही लहरी एकाच जातीच्या, विद्युतचुंबकीय. वेगही तोच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. फरक फक्त लांबीचा.

रेडिओवरच आधी एक गोष्ट करून बघा. टेबलावर उभा ठेवलेला ट्रान्झिस्टर जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका दिशेला माझा आवाज बारीक होईल. मीडियम वेव्ह पकडायला बाहेरची लांब होणारी दांडी लागत नाही. आत फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. कांडीचं टोक मनोऱ्याकडे वळलं की लहरीचं चुंबकीय क्षेत्र तारेच्या वेढ्यांतून जात नाही आणि आवाज पडतो. काटकोनात फिरवा, परत येतो. मनोऱ्याच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना फरक कमी जाणवेल, कारण लहर जोरदार असली की रेडिओचं सर्किट आवाज आपणहून सावरून घेतं. आणि सतत गुर्रगुर्र येत असेल, तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून पाहा. त्यांच्या आतलं सर्किट वीज फार झपाट्याने चालू-बंद करत असतं आणि तो गोंगाट थेट आपल्या पट्ट्यात येतो. दोषी सापडला की रेडिओ त्याच्यापासून दोन मीटर लांब ठेवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

रेडिओ आणि रंग यांच्या मधली उष्णतेची लहर नागपूरकरांना सांगायला नको. 1800 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हेच अवरक्त किरण. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत हेच सोडतो, साधारण 10 मायक्रॉन लांबीचे. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. कूलर चालू असूनही डोक्यावर भट्टी असल्यासारखं वाटतं ते यामुळे: कूलर हवा गार करतो, पण स्लॅबचे किरण हवेला न जुमानता थेट अंगावर येतात. टीव्हीच्या रिमोटचे किरणही अवरक्तच, पण फार आखूड, बहुधा 940 नॅनोमीटरचे. रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर सेल्फीचा वापरा. मागच्यावर अवरक्त अडवणारी काच बहुधा जास्त कडक असते. स्लॅबचे किरण मात्र कुठल्याच मोबाइलला दिसत नाहीत. कॅमेऱ्यातलं सिलिकॉन सव्वा मायक्रॉनच्या आतच आंधळं होतं.

आता तो 512 चा हिरवा शोधू. बुटाचा खोका आणि एक जुनी सीडी घ्या. सीडीवर दर मिलिमीटरला सुमारे 625 रेघा असतात आणि त्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात. सीडी गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, मग कात्रीने बरोबर मधून कापा. थंड कापली तर तडकते. खोक्याच्या एका अरुंद बाजूला, तळापासून साडेतीन सेंटिमीटरवर, छोटी खिडकी पाडा. तिच्यावर दाढीच्या पात्याचे दोन तुकडे आडवे, धारा समोरासमोर करून चिकटवा. मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहू द्या. समोरच्या टोकाला सीडीचा अर्धा भाग कापलेली कड खाली टेकवून, चकचकीत बाजू फटीकडे करून बसवा. वरचा काठ फटीपासून लांब झुकलेला, तळाशी कोन 60 अंशांचा. सीडीच्या बरोबर वर झाकणाला दोन सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून सरळ खाली पाहा.

फसतं ते बहुधा फटीत. रुंद झाली की रंग एकमेकांत मिसळतात, तिरकी झाली की पट्टा पुसट होतो. कुठून दुसरा उजेड शिरत असेल तर काळा कागद लावा.

फट सूर्याकडे कधीही धरू नका, डोळा जाईल. उत्तरेच्या खिडकीतून दिसणारं मोकळं आकाश पुरेसं आहे. जुना सीएफएल दिवा अजून घरात असेल तर आधी तो पाहा. त्याच्यात अखंड पट्टा नसतो, सुट्ट्या रेघा असतात. ठळक हिरवी असते ती 546 नॅनोमीटरच्या आसपासची. मग पांढरा एलईडी पाहा: निळा झगझगीत, त्याच्यापुढे 480 जवळ एक अंधारी खाच, आणि मग हिरवा सुरू होतो. ती खाच आणि सीएफएलच्या हिरव्या रेघेची जागा, या दोहोंच्या साधारण मधोमध नजर ठेवा. तिथे जो हिरवा दिसेल, तो 585 टेराहर्ट्झचा.