न दिसणारा उजेड, दिसणारे पान

(दृश्य : अंधारी खोली. काचेवर हिरव्या उजेडात उमटणारे पान.)

खोलीत अंधार आहे, पण काचेमागचा दिवा चालू आहे. सीसीटीव्हीला रात्री दिसावे म्हणून वापरतात तोच हा ८५० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या लगेच पलीकडचा, प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. दिव्यापुढे बोटाच्या पेराएवढे केळीचे पान कापलेला पुठ्ठा धरला, की तेच पान काचेवर हिरवे होऊन उजळते. मध्ये ना कॅमेरा, ना संगणक. काचेवर सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर आहेत आणि वीज जोडली, की तेच न दिसणाऱ्या उजेडाचा हिरवा उजेड करतात.

(दृश्य : निर्वात कक्ष, तापलेली मूस, जाडी दाखवणारा आकडा.)

असे काम पुण्या-मुंबईतच होते, असा समज आहे. ही प्रयोगशाळा जळगावची आहे आणि कक्षाशी उभी असलेली विद्यार्थिनी रावेरची. खानदेशात सेंद्रिय म्हटले की शेणखत डोळ्यांपुढे येते. येथे सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुगे, त्यांतले एक तर छपाईच्या निळ्या शाईतील रंगद्रव्याच्याच कुळातले. तिने काच आधी साबणाच्या पाण्याने, मग ॲसिटोनने धुतली आहे, कारण धुळीचा एक कण राहिला तरी वरचा आणि खालचा विद्युतअग्र (वीज जोडण्याचा थर) एकमेकांना टेकू शकतो. पंपाने कक्षातील दाब वातावरणाच्या सुमारे एक अब्जांशावर आणला, की मुशीतील भुकटीची वाफ होते आणि वर पालथ्या टांगलेल्या काचेवर बसते, सेकंदाला जेमतेम एक अँगस्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. आकडा सरकेपर्यंत ती नजर हलवत नाही. सगळे थर मिळूनही केसाच्या जाडीच्या शतांशाइतके भरत नाहीत.

खालचा थर निकट-अवरक्त प्रकाश शोषतो आणि त्यातून विद्युतभार सुटे होतात. ते सरळ वरच्या थरात चढतात, तेथे विरुद्ध भाराला भेटतात आणि हिरवा प्रकाश बाहेर पडतो. भार आडवे पसरत नाहीत, म्हणूनच पानाचा आकार टिकतो. हिरव्या फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा आत आलेल्या फोटॉनच्या दीडपटीहून अधिक असते. ही वाढीव ऊर्जा जोडलेल्या विजेतून येते.

आत आलेल्या फोटॉनांपैकी थोडेच हिरवे होतात, आणि दमट हवेत थर बिघडतात म्हणून काच नायट्रोजनमध्येच बंद करावी लागते.

(दृश्य : केळीचे खरे पान.)

शेवटी तिने पुठ्ठा काढून मळ्यातले खरे पान काचेला टेकवले. डोळ्यांना ते गर्द आहे, पण निकट-अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग त्यातून पार जातो. काच उजळली आहे.