दर गुरुवारी, विलिंग्डन जिमखान्यात

आकाशवाणीची सुरुवातीची धून इथे सगळ्यांच्या कानात आहे, आधी तंबोरा लागायचा आणि मग त्याच्यावर व्हायोलिन यायचं. आमच्याकडे ती धून संपायच्या आत आईचं दुधाचं पातेलं गॅसवरून उतरलेलं असायचं. ही धून १९३६ च्या सुमाराला वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकारांनी बांधली असं मानतात, आणि आता व्हॉट्सॲपमुळे ते बऱ्याच जणांना माहीतही झालंय. पण मला आज धुनेबद्दल नाही बोलायचं. कॉफमन यांनी मुंबईत आठवड्यामागून आठवडे जे चालवलं, त्याबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकणातले शनिवार तेली आठवतात, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी, इथलीच माणसं. कॉफमन तसे नव्हेत. त्यांचा जन्म १९०७ चा, आताच्या चेक देशातल्या कार्ल्सबादचा. बर्लिनला शिकले, मग प्रागला पीएचडीचं काम केलं, आणि आपले प्रोफेसर नात्झींचे आहेत हे कळल्यावर ती पदवी घेतलीच नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले, वय सव्वीस. मुंबईच का, तर इथला व्हिसा सहज मिळत होता.

आता बघा, आपलं संगीत त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते रेकॉर्डवर आणि त्यांना काहीही कळलं नाही, पार परकं वाटलं. असं झालं की बहुतेक लोक काय करतात, तर रेकॉर्ड बंद करतात. यांनी विचार केला की हे संगीत लाखो लोकांना आवडतंय, ते करणाऱ्यांनाही मन आणि डोकं आहे, म्हणजे दोष माझा आहे, आणि जिथलं आहे तिथे जाऊन ते शिकलं पाहिजे. मला हा माणूस इथे आवडला. पुढे त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर आणि दक्षिणेच्या रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले, १९६८ आणि १९७६ साली, पण सुरुवात या एका कबुलीने झाली.

आणि येऊन काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्हणजे खोली. शंभर जणांचा ऑर्केस्ट्रा नाही, आपल्या घरगुती बैठकीसारखं, तिघं-चौघं वाजवणार आणि ऐकणारे हाताच्या अंतरावर. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा, दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात. एक ज्यू निर्वासित, एक पारशी आणि एक इटालियन! मे १९३७ पर्यंत त्यांचे १३६ कार्यक्रम झाले होते, तीन वर्षांत, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक.

मी स्वतः हौशी वाजवणारा, आमच्या चौदा जणांच्या ग्रुपमध्ये सेकंड व्हायोलिनला बसतो, म्हणून मला तो आकडा बघून धडकीच भरते. आम्ही वर्षाला चार कार्यक्रम करतो आणि त्यालाच रविवार पुरत नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस, पंखे बंद कारण नोटेशनचे कागद उडतात, त्यामुळे कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचे, आणि जून लागला की दर दहा मिनिटांनी परत ट्यूनिंग कारण दमट हवेने लाकूड फुगतं आणि सूर हलतो. कॉफमन यांच्या काळात तर आतड्याची तात सर्रास वापरायचे, मुंबईच्या पावसात तिचा सूर किती हलत असेल याचा विचार करा, आणि तरी गुरुवार चुकवायचा नाही.

कोणी म्हणेल नियमितपणात काय एवढं. खूप आहे हो. घर सुटलेल्या माणसाला नवीन गावात आधी काय लागतं, तर एक ठरलेला वार, ठरलेली जागा आणि त्या वेळी तिथे येणारी चार माणसं. माझं मत असं की कॉफमन मुंबईचे झाले ते त्या गुरुवारांमुळे.

सगळ्यांना तो व्हिसा मिळाला नाही. पावेल हास, ब्रनोचे, तेही चेक ज्यू संगीतकार, नात्झींच्या तेरेझीन छावणीत डांबलेले. तिथे त्यांनी १९४३ साली फक्त तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली, कैद्यांच्याच ऑर्केस्ट्राने ती वाजवली, आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये हास यांना ऑशविट्झला मारलं. त्या ऑर्केस्ट्राचे कंडक्टर कारेल आन्चेर्ल जिवंत राहिले. युद्धानंतर त्यांना त्या रचनेचे पार्ट्स, म्हणजे एकेका वाद्याचे वेगळे कागद, सापडले, फक्त डबल बासचा नाही, तो नंतर पुन्हा रचून भरावा लागला. या सीझनला आम्ही तिची सुरुवातीची पानं बसवतोय. बासचा पार्ट स्टँडवर आला की दर वेळी माझी नजर तिकडेच जाते.

कॉफमन १९४६ ला इथून गेले, मग कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचे पहिले कंडक्टर, मग अमेरिकेत प्राध्यापक. आणि मेहली मेहतांचा मुलगा झुबिन, जन्म १९३६ चा, तो इस्रायल फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि २०१९ पर्यंत राहिला. तो ऑर्केस्ट्रासुद्धा १९३६ चाच, आणि युरोपातून हाकललेल्या ज्यू वादकांनीच उभा केलेला.

आमच्या कार्यक्रमाला याल तेव्हा मागे बसू नका, पुढची रांग धरा. आमच्यात कंडक्टर नसतो आणि ताल धरायला तबलाही नसतो, उचल कळते ती पहिल्या व्हायोलिनच्या श्वासावरून. नाकाने जोरात घेतलेला तो श्वास पुढच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतो, आणि मग सगळे एकदम सुरू होतात.